पिकअप

गाडी घ्यायचं ठरलं की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास निघतात. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा पहिला आणि ‘पिकअप कसा आहे?’ हा दुसरा. पहिल्याला आकड्यात उत्तर मिळतं. दुसऱ्याला ‘मस्त उचलते’, ‘चढाला दम टाकते’, ‘एसी लावला की बसते’ अशी उत्तरं मिळतात. ती खोटी नसतात. रोज गाडी चालवणाऱ्याच्या पायाला आणि पाठीला जे कळतं तेच ती सांगतात. पण असं का, म्हणून विचारलं की बोलणं एकदम सीसीवर येतं. इंजिन मोठं, म्हणून पिकअप जास्त, एवढ्यावर विषय संपतो.

हा समज आपल्या रस्त्यांवर १९८३ सालीच मोडीत निघाला होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तेव्हा मानाची गाडी म्हणजे ॲम्बेसिडर, तिचं इंजिन १४८९ सीसीचं, जवळजवळ दुप्पट. मुंबईच्या टॅक्सी स्टँडवर राज्य होतं ते कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं. ती १०८९ सीसीची. तरीही सिग्नल सुटला की ही एवढीशी मारुती दोघींच्या पुढे निघून जायची. माझ्या काकांकडे ॲम्बेसिडर होती आणि त्यांना हे फार लागायचं. ‘पत्र्याचा डबा आहे नुसता, उडणारच,’ असं ते म्हणायचे. त्यांना मारुतीला नावं ठेवायची होती; पण त्या वाक्यात त्यांनी खरं कारण अचूक सांगितलं होतं.

साधा भागाकार करून पाहू. मारुती ८०० च्या इंजिनाची ताकद सुमारे ३७ अश्वशक्ती आणि गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. ॲम्बेसिडरची ताकद पन्नास अश्वशक्तीच्या घरात, पण वजन अकराशे किलोच्या पुढे. दोन्ही गाड्यांत चालकाचे ६५ किलो धरले, तर दर टनामागे मारुतीच्या वाट्याला ५२ घोडे येतात आणि ॲम्बेसिडरच्या वाट्याला ४३. सीसी हा इंजिनाच्या पोटाचा घेर आहे. त्या पोटातून किती ताकद निघते ही वेगळी गोष्ट, आणि त्या ताकदीला किती ओझं ओढायचंय ही त्याहून वेगळी. दोन रोजच्या गाड्या शेजारी उभ्या असतील आणि कुठली लवकर वेग घेईल हे एकाच आकड्यावरून सांगायचं असेल, तर दर टनामागे किती अश्वशक्ती, हाच आकडा विचारावा.

पण एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही. खरी गंमत पुढे आहे.

उभ्या गाडीला वेगात आणणं म्हणजे तिच्यात ऊर्जा भरणं, टाकीत पाणी भरावं तशी. टाकी केवढी, हे गाडीचं वजन आणि गाठायचा वेग ठरवतात. नळ केवढा, हे इंजिनाची ताकद ठरवते. एक हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असते तेव्हा तिच्यात सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. तीच गाडी ताशी ५० ने धावत असेल तर ऊर्जा निम्मी असावी असं वाटतं. पण ती असते फक्त ९६ किलोज्यूल, म्हणजे चतुर्थांश, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे शून्यापासून पन्नासपर्यंत जायला जेवढं भरावं लागलं, त्याच्या तिप्पट पन्नासपासून शंभरपर्यंत भरावं लागतं. शहरात चपळ वाटणारी छोटी गाडी हायवेला लागली की एकदम सुस्तावल्यासारखी का वाटते, त्याचं मोठं कारण हे. इंजिन तेवढंच राबत असतं, टाकीच मोठी झालेली असते.

आता हा हिशेब एका ओळखीच्या गाडीला लावू. २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट घ्या. ८३ अश्वशक्ती, म्हणजे ६१ किलोवॅट. चालकासह वजन साधारण साडेनऊशे किलो. शंभरचा वेग गाठायला तिच्यात ३६६ किलोज्यूल भरावे लागतात. नळ दर सेकंदाला ६१ किलोज्यूल सोडणारा आहे. भागाकार केला तर उत्तर येतं सहा सेकंद. प्रत्यक्षात ही गाडी बारा सेकंदांच्या आसपास घेते.

अर्धा वेळ कुठे गेला? माहितीपत्रकात छापलेली ८३ अश्वशक्ती खोटी आहे का? मुळीच नाही. पण ती कुठल्या क्षणाची आहे, ते त्या आकड्याशेजारीच छापलेलं असतं आणि आपण ते वाचत नाही. ‘८३ @ ६००० आरपीएम’. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असतं तेव्हा, आणि फक्त तेव्हाच, ते ८३ घोडे जागे असतात. आपल्यातले बहुतेक जण तर तीन हजारांच्या वर काटा जाऊ देत नाहीत. इंजिन ओरडायला लागलं की काहीतरी बिघडेल असं वाटतं आणि वरचा गिअर टाकला जातो. याच स्विफ्टमध्ये दोन हजार फेऱ्यांवर जेमतेम २८ अश्वशक्ती हाताशी असते. नळ ८३ चा आहे, पण तोटी एक तृतीयांशच उघडलेली आहे.

इथे टॉर्क समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण गाड्यांवरच्या गप्पांत सगळ्यात जास्त गोंधळ या शब्दाचा होतो. त्यासाठी गाडीचं चाक पंक्चर झालंय असं समजा. स्टेपनी काढली, व्हील पाना नटला लावला आणि नट हलेना. मग आपण काय करतो? पाना आडवा करतो आणि त्याच्या टोकावर पाय देऊन उभे राहतो. एक फूट लांबीच्या पान्यावर ३८ किलोचा भार पडला की नटला जो पीळ बसतो, तो सुमारे ११३ न्यूटन-मीटर असतो. स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क नेमका ११३ न्यूटन-मीटर आहे. म्हणजे एवढं मोठं इंजिन जो पीळ देतं, तो शाळकरी पोरगं पान्यावर उभं राहून देऊ शकतं! फरक एवढाच की पोरगं पान्याला पाव फेरा फिरवून थांबतं आणि इंजिन तो पीळ मिनिटाला हजारो फेऱ्यांनी देत राहतं. पीळ म्हणजे टॉर्क. पीळ आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे ताकद, अश्वशक्ती.

हा पीळ जसाच्या तसा चाकापर्यंत गेला तर गाडी धड हलणारही नाही. म्हणून मध्ये गिअरबॉक्स असतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण पंधरा फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, आणि त्याच्या बदल्यात पीळ पंधरा पट होऊन चाकाला मिळतो. विहिरीवरचा रहाट जे करतो तेच: वेग द्यायचा आणि जोर घ्यायचा. वरच्या गिअरमध्ये हा सौदा उलट्या दिशेने जातो, चाक जास्त फिरतं आणि जोर कमी होतो. गिअरबॉक्स स्वतः एकही अश्वशक्ती निर्माण करत नाही. उलट मधल्या मध्ये दहाएक टक्के खातो. पण हातात असलेली ताकद कुठल्या रूपात चाकाला द्यायची, हे तोच ठरवतो.

आता ज्या वादावर पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत आणि गावाकडच्या पारावर सारख्याच तावातावाने बोललं जातं, तो वाद घेऊ: पेट्रोल की डिझेल? हा वाद तपासायला याहून चांगली जोडी मिळणार नाही, कारण त्याच स्विफ्टमध्ये दोन्ही इंजिनं मिळायची. डिझेल इंजिन फियाटच्या रचनेचं, १२४८ सीसीचं. हे इंजिन मारुतीपासून टाटापर्यंत इतक्या कंपन्यांनी वापरलं की भारताचं राष्ट्रीय इंजिनच त्याला म्हणायचे. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यातही ते वर्षानुवर्षं तयार होत होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि ते थांबलं. स्विफ्टमध्ये त्याची ताकद ७५ अश्वशक्ती, पण टॉर्क तब्बल १९० न्यूटन-मीटर. पान्याच्या भाषेत सांगायचं तर पेट्रोलच्या पान्यावर पोरगं उभं आहे आणि डिझेलच्या पान्यावर चौसष्ट किलोचा पुरा वाढलेला गडी.

मग डिझेल स्विफ्ट उभ्यापासून शंभरपर्यंत पेट्रोलच्या पुढे जायला हवी. जात नाही. दोन्ही गाड्या शेवटपर्यंत रेटल्या, तर पेट्रोलच आधी पोचते. शंभरेक किलोंनी जास्त असलेलं डिझेलचं वजन हे एक कारण. दुसरं कारण जास्त मुळातलं आहे. डिझेल इंजिनाचा सगळा जोर चार हजार फेऱ्यांच्या आत संपतो. ते कमी फेरे घेतं, म्हणून त्याला गिअरही तसेच लांब द्यावे लागतात आणि पीळ कमी पटींनी वाढतो. गिअरबॉक्समधून बाहेर पडेपर्यंत १९० आणि ११३ यांतला फरक बराचसा पुसला जातो. चाकापाशी मिळणारा रेटा म्हणजे त्या क्षणी चाकापर्यंत पोचलेली ताकद भागिले गाडीचा वेग. या सूत्रात टॉर्क कुठेही येत नाही.

म्हणजे ‘डिझेलची खेच काही औरच’ म्हणणारे चुकतात का? इथे मी त्यांच्या बाजूने आहे. त्यांची पाठ खोटं सांगत नाही. काटा दोन हजारांवर असताना पेट्रोल स्विफ्ट २८ अश्वशक्ती देते, हे आपण पाहिलं. तेवढ्याच फेऱ्यांवर डिझेल स्विफ्ट ५४ अश्वशक्ती देते. जवळजवळ दुप्पट. रोजच्या रस्त्यावर माणूस दोन-अडीच हजार फेऱ्यांवरच गाडी चालवतो. तिथे गिअर न बदलता पाय दाबला की डिझेल पुढे झेपावते आणि पेट्रोल गुरगुरत राहते. जे लोक याला टॉर्क म्हणतात, त्यांना जाणवत असते ती खरं तर ताकदच: माहितीपत्रकातली कमाल ताकद नव्हे, त्या क्षणी हाताशी असलेली ताकद. पेट्रोलवाल्याने गिअर खाली टाकून काटा साडेचार-पाच हजारांवर नेला, तर त्यालाही ती मिळते. ती तिथे होतीच, त्याने मागितली नव्हती.

या प्रकरणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: पिकअप ठरतो तो त्या क्षणी चाकापर्यंत पोचलेल्या ताकदीला त्या क्षणीच्या एकूण वजनाने भागून. ‘त्या क्षणी’ हे दोन शब्द सोडले की सगळे वाद सुरू होतात.

विजेच्या गाडीकडे याच नजरेने पाहिलं की तिचं कोडं सुटतं. टाटा नेक्सॉनची विजेवरची आवृत्ती २०२० च्या जानेवारीत आली. ताकद १२९ अश्वशक्ती. पण बॅटरीमुळे वजन १४०० किलो. चालक बसला की १४६५. दर टनामागे ८८ घोडे. पेट्रोल स्विफ्टला दर टनामागे ८७. दोघी जवळजवळ बरोबरीच्या. टाकी आणि नळाचा हिशेब केला तर दोघींचंही उत्तर तेच, सहा सेकंद. पण स्विफ्ट घेते बारा सेकंदांच्या आसपास आणि विजेच्या नेक्सॉनचा कंपनीने सांगितलेला आकडा आहे ९.९ सेकंद. दर टनामागची ताकद तीच, तरी दोन सेकंदांचा फरक!

हा फरक तोटीचा आहे. विजेची मोटर उभ्या जागेवरून, शून्य फेऱ्यांवर, पुरा पीळ देते. वेग थोडा वाढला की पूर्ण ताकदीवर पोचते आणि तिथेच टिकून राहते. क्लच नाही, गिअर एकच. पेट्रोलच्या गाडीत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना क्लच दाबला की अर्धा-पाऊण सेकंद चाकाला काहीच मिळत नाही, नळ पूर्ण बंद. परत सुरू होतो तेव्हा काटा खाली आलेला असतो, म्हणजे तोटी पुन्हा अर्धवट. शंभर गाठेपर्यंत हे एकदा किंवा दोनदा होतं. दुसऱ्या गिअरमध्येच शंभर ओलांडता येईल असे गिअर ठरवले, तर तिसरा टाकण्याचा वेळ वाचतो आणि कागदावरचा आकडा चांगला दिसतो. दोन गाड्यांच्या ‘शून्य ते शंभर’मधल्या अर्ध्या सेकंदाच्या फरकामागे कधी कधी एवढंच असतं. म्हणून तेवढ्या फरकावर गाडी निवडू नये, असं मला मनापासून वाटतं.

उरलेला वेळ बारीकसारीक ठिकाणी गळतो. फिरणाऱ्या चाकांना, फ्लायव्हीलला, गिअरच्या दातेरी चक्रांना गरगर फिरवायलाही ऊर्जा लागते. टायर रस्त्यावर चेपत चेपत जातात, त्यातही ती जाते. आणि हवा. हवेला बाजूला सारायला ताशी ५० वेगाला छोट्या गाडीची जेमतेम दीड अश्वशक्ती खर्च होते. ताशी १०० ला त्याच्या आठ पट, बाराच्या आसपास. वेग दुप्पट झाला की हवेसाठी लागणारी ताकद आठ पट होते, हा नियम फार निष्ठुर आहे. ८३ घोड्यांच्या गाडीला बारा घोडे गेले तर फारसं कळत नाही. मारुती ८०० च्या ३७ मधले बारा गेले की शंभराच्या पुढे ती का धापा टाकायची, ते कळतं.

सुरुवातीच्या एक-दोन सेकंदांत मात्र इंजिनापेक्षा टायर महत्त्वाचे. पहिल्या गिअरमध्ये साधी गाडीसुद्धा टायरच्या पकडीच्या मर्यादेजवळ पोचते. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन पुढची चाकं ओढतं, आणि गाडी झेप घेते तेव्हा भार मागे सरकतो, म्हणजे ओढणारी चाकंच हलकी होतात. जूनमधल्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा सिग्नलवरून घाईने निघालेल्या गाडीची चाकं जागच्या जागी फिरतात. त्या क्षणी शंभर अश्वशक्तीची गाडी आणि साठची गाडी सारख्याच.

आपल्याकडच्या गाड्या एकमेकींच्या इतक्या जवळपास का असतात, याचं उत्तर इंजिनात कमी आणि करात जास्त आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून छोट्या गाडीला करात सवलत मिळाली. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. स्विफ्ट २००५ मध्ये आली तेव्हा तिचं पेट्रोल इंजिन १२९८ सीसीचं होतं. २०१० मध्ये ते ११९७ चं झालं. एवढा नेमका १२०० च्या आतला आकडा योगायोगाने येत नाही. शंभर सीसी गेले, अश्वशक्ती मात्र ८७ वरून ८५ इतकीच उतरली, कारण नवं इंजिन तेवढ्याच हवेतून जास्त काम काढणारं होतं. पुढे टर्बो आला. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोराने एक छोटा पंखा फिरवायचा आणि त्याने सिलिंडरमध्ये हवा कोंबायची. १२०० सीसीच्याच पोटात जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. पेट्रोल नेक्सॉन याच मापात १२० अश्वशक्ती देते. फक्त तो पंखा वेगात यायला क्षणभर लागतो. टर्बोच्या गाडीत पाय दाबल्यावर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम धक्का बसतो, तो या क्षणाचा हिशेब.

हवा हेच इंजिनाचं अर्धं अन्न असल्यामुळे उंचीचाही परिणाम होतो. साधारण दर शंभर मीटरला हवा एक टक्का विरळ होते. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तिथे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद बारा-तेरा टक्क्यांनी उतरलेली असते. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, जवळजवळ एक तृतीयांश गेलेली असते. टर्बो ही घट बरीचशी भरून काढतो आणि विजेच्या मोटरला हवा लागतच नाही.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिकडे येतो. सिग्नलवर कोण पुढे गेलं याला फार किंमत नाही. पिकअपची खरी परीक्षा दोन पदरी रस्त्यावर, ट्रकला ओलांडताना होते, आणि तिथे चुकलेल्या हिशेबाची किंमत माणसं जिवाने मोजतात.

गणपतीला कोकणात निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. पुढे ताशी ५० ने चाललेला दहा मीटर लांबीचा ट्रक. आपण त्याच्यामागे पंधरा मीटरवर, तेवढ्याच वेगाने. ओलांडून पंधरा मीटर पुढे गेल्यावर आपण डावीकडे येणार. आपली गाडी चार मीटरची. म्हणजे ट्रकच्या तुलनेत आपल्याला ४४ मीटर जास्त जायचंय. समोरून एक गाडी ताशी ७० ने येतेय.

चालक एकटा आहे, रस्ता सपाट आहे, योग्य गिअर आहे. गाडीचा वेग दर सेकंदाला सरासरी १.२ मीटर प्रति सेकंदाने, म्हणजे ताशी सव्वाचार किलोमीटरने वाढतोय असं धरू. ओलांडायला साडेआठ सेकंद लागतात. तेवढ्यात आपण १६३ मीटर जातो आणि समोरची गाडी १६६ मीटर जवळ येते. म्हणजे सुरुवात करताना समोर किमान ३३० मीटर रस्ता मोकळा हवा.

आता त्याच गाडीत आणखी चार माणसं बसवा आणि डिकीत सामान भरा. तीनशे किलो वाढले. नऊशे किलोच्या गाडीला हे थोडं नाही. वेगवाढ एक चतुर्थांशाने घटून ०.९ वर येते. वेळ दहा सेकंद. लागणारा मोकळा रस्ता ३७५ मीटर.

आता चढ लागला. दर वीस मीटरला एक मीटर चढणारा, घाटाच्या सुरुवातीचा साधा चढ. कोकणातून परतताना फोंडा किंवा करूळ घाटात याहून खडे चढ असतातच. गुरुत्वाकर्षण दर सेकंदाच्या वेगवाढीतले ०.५ सरळ कापून घेतं, इंजिन कुठलंही असो. उरतात ०.४. वेळ पंधरा सेकंद. मोकळा रस्ता हवा ५४० मीटर.

गाडी तीच, चालक तोच, पायही तेवढाच दाबलेला. ३३० चे ५४० झाले. इथे आपली पाठ आपल्याला दगा देते, कारण तिला सवय असते ती रोजच्या, एकट्याने केलेल्या, सपाट रस्त्यावरच्या ओव्हरटेकची. ‘आपली गाडी उचलते’ हा विश्वास ऑफिसच्या वाटेवर कमावलेला असतो आणि वापरला जातो घाटात, पाच माणसं घेऊन.

त्यात गिअर चुकला तर विचारायलाच नको. पाचव्यात मिळणारा रेटा तिसऱ्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. वर काढलेल्या हिशेबातली भरलेली गाडी त्या चढावर पाचव्यात वेग घेणारच नाही, ट्रकच्या बाजूला नुसती चालत राहील. म्हणून बाहेर काढण्याआधी, ट्रकच्या मागे असतानाच, गिअर खाली टाका. काटा साडेतीन-चार हजारांवर जाऊ द्या. इंजिन ओरडेल, ते त्यासाठीच बनवलेलं आहे. एसी क्षणभर बंद केला तरी दोन-तीन अश्वशक्ती परत मिळतात. बऱ्याच नव्या गाड्यांत पाय पूर्ण दाबला की कॉम्प्रेसर आपोआप सुटतो, तो याच कारणासाठी.

आणि अंतर मोजायची सवय लावून घ्या. पुढे किलोमीटरचा दगड दिसत असेल तर त्यावरून, विजेचे खांब दिसत असतील तर त्यांवरून. भरलेल्या गाडीने चढावर ट्रक ओलांडायला अर्ध्या किलोमीटरहून जास्त मोकळा रस्ता लागतो. तेवढा दिसत नसेल, तर ट्रकच्या मागेच राहा.